मशीन आज बंद आहे

"मग आतापर्यंत घेतलेलं उतरतं का हो?" त्या बाबांनी विचारलं आणि कुणी नीट उत्तर दिलं नाही. खरं तर एवढीच गोष्ट. हॉस्पिटलच्या तळघरातला वेटिंग हॉल, स्टीलच्या भोकाभोकांच्या खुर्च्या, भिंतीवर 'शांतता राखा'ची पाटी आणि बरोबर तिच्याखाली कुणाच्या तरी मोबाइलवर मोठ्याने चाललेलं कीर्तन. आत्याचा नंबर यायला अवकाश होता. टेक्निशियन दादा बाहेर आले, फाइलींची चळत काउंटरवर टेकवली आणि म्हणाले, "मशीन आज बंद आहे. उद्या फोन करून या." लोक फारसं काही न बोलता उठले. डबे पिशवीत गेले, कुणी एसटीची वेळ विचारली, एक बाई नुसतीच पदराने तोंड पुसत राहिली. बाबा मात्र बसूनच. धोतर, टोपी, गळ्याभोवती पंचा आणि पंच्याखाली लाईटने, म्हणजे कॅन्सरवरच्या रेडिएशनने, काळवंडलेली मान. निफाडकडचे, द्राक्षबागवाले. "बागेत एक फवारा चुकला तर डावणीचा रोग परत चढतो. हे बी तसंच का?" दादा म्हणाले, "बाबा, उद्या या ना." त्यांचीही चूक नव्हती. त्यांना अजून बऱ्याच जणांना हेच सांगायचं होतं.

आत्याचं जबड्याचं दुखणं मिश्रीने आणलेलं. ती हे कबूल करत नाही आणि आता तो वाद घालण्यात अर्थही नाही. ऑपरेशन झालं, मग लाईट सांगितली: सोमवार ते शुक्रवार रोज, शनिवार-रविवार सुट्टी. पहिल्या दिवशी लाईट नव्हतीच, मास्क होता. गरम पाण्याच्या पसरट ट्रेमध्ये पांढऱ्या प्लास्टिकचा पत्रा बुडवून ठेवलेला. तो लिबलिबीत झाल्यावर दोघींनी दोन टोकं धरून आत्याच्या चेहऱ्यावर ताणला. काही मिनिटांत निवून कडक झाला आणि तिच्या नाकाडोळ्यांची हुबेहूब जाळी तयार झाली. पुढे रोज ती जाळी तोंडावर ठेवून टेबलाला क्लिपांनी अडकवायची. "हलू नका मावशी, थुंकी हळू गिळा." भिंतीतून येणाऱ्या लेझरच्या रेघा जाळीवरच्या खुणांवर येईपर्यंत टेबल मिलिमीटरने सरकत राहायचं. मग सगळे बाहेर, जाड दार बंद, वर लाल दिवा आणि पडद्यावर एकटी आत्या. आत काय वाटतं म्हणून विचारलं तर म्हणाली, "भुंगा. डोक्याभोवती भुंगा फिरतो, थांबतो, परत फिरतो. दुखत काहीच नाही गं, त्याचीच जास्त भीती वाटते." कधी जळका वास येतो, असंही तिचं म्हणणं. हे सगळं संपल्यावर जाळी घरी न्यायला मिळेल का, हे मात्र तिने पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं. मांजर फार माजलंय, दूध झाकायला बरी, म्हणून.

मशीन बंद होतं म्हणूनच मला ते उघडं बघायला मिळालं. तिथल्या फिजिसिस्ट मॅडम, वय जेमतेम तिशीचं, मी दारात घुटमळताना बघून म्हणाल्या, "या, नाहीतरी आज मी रिकामीच आहे." पांढरी कव्हरं उतरवून भिंतीला टेकवलेली. आत तारा, रबरी होज, पाण्याच्या नळ्या, धुळीचा पातळ थर, आणि या सगळ्या पसाऱ्यात कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी तांब्याची एक नळी. "हीच," त्या म्हणाल्या, "बाकी सगळं हिच्या दिमतीला." नळीच्या आत ओळीने पोकळ्या. एका टोकाने इलेक्ट्रॉन शिरतात, स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये असतो त्याच जातीचा पण कैक पटींनी दांडगा मॅग्नेट्रॉन लहरी पुरवतो, आणि त्या लहरींवर स्वार झालेला इलेक्ट्रॉन दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत प्रकाशाच्या वेगाच्या ९९ टक्क्यांच्या पुढे गेलेला असतो. समोर टंगस्टन. त्यावर आदळला की क्ष-किरण, आणि तीच आत्याची लाईट. आत्याचा भुंगासुद्धा खरा. शलाका सलग येत नाही, सेकंदाला शेकडो झटक्यांनी येते आणि एकेक झटका काही मायक्रोसेकंदांचा. म्हणजे आपण दोन मिनिटं लाईट घेतली म्हणतो, पण प्रत्यक्ष शलाका चालू असते त्यातला जेमतेम हजारावा हिस्सा.

आणि बिघाड? तो या अद्भुत नळीत नव्हताच. आदल्या रात्री व्होल्टेज वरखाली झालं आणि चिलरचा कॉम्प्रेसर गेला. तांबं तापलं की फुगतं, पोकळीचं माप केसभर बदलतं आणि लहरींशी तिचा सूर जमत नाही. म्हणून नळीभोवतीचं पाणी ठरलेल्या तापमानाला ठेवावंच लागतं. काही कोटींचं मशीन, आणि ते अडलं कशावर, तर गार पाण्यावर.

ही नळी म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, अ‍ॅक्सिलरेटर. मला आजवर अ‍ॅक्सिलरेटर म्हटलं की जिनिव्हाच आठवायचं. जमिनीखालचं २७ किलोमीटरचं वर्तुळ, हेल्मेट घातलेली माणसं, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर 'देवकण'. त्या वर्तुळातली तीस-तीस टनांहून जड चुंबकं ज्यांवर उभी आहेत, ते जॅक भारतातून गेलेले, सात हजारांच्या आसपास. चुंबक मिलिमीटरच्या अंशांनी हलवून जागेवर आणता येईल, असे. ही बातमी वाचून तेव्हा मला अभिमान वाटला होता आणि थोडं हसूही आलं होतं: विश्वाच्या जन्माचा शोध लावायला निघालेल्यांना आपण जॅक दिले! आता हसू येत नाही. पण जगात असे अ‍ॅक्सिलरेटर तीस हजारांवर आहेत आणि त्यातले बहुतेक हॉस्पिटलांत नि कारखान्यांत आहेत, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. मोबाइलमधली चिप घडताना, वायरवरचं प्लास्टिक उष्णतेला टिकावं म्हणून, इंजेक्शनच्या सुया निर्जंतुक करायला, बंदरावर कंटेनर न उघडता आत काय आहे ते बघायला. विश्वाचं कोडं सोडवणारे त्यांत अगदी मूठभर.

एक तर आमच्या घरातही होता.

भाऊबीजेच्या बोनसमधून आलेला रंगीत टीव्ही. त्याच्या पोटात, काचेच्या नळीच्या शेपटीकडे इलेक्ट्रॉन सोडणारी बंदूक आणि पंचवीसेक हजार व्होल्ट; पडद्यावर आपटेपर्यंत इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या तीस टक्क्यांपर्यंत जायचा. आम्हाला कळायचं ते इतकंच की बंद केल्यावर पडद्याजवळ हात नेला की केस उभे राहतात, तडतड आवाज येतो आणि काचेवरच्या धुळीत बोटाने नाव लिहिता येतं. आई ओरडायची, "डोळे जातील, लांब बसा." दुरुस्तीवाले काका मागचं झाकण काढायचे तेव्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढायचे. "बंद असला तरी झटका देतो हा." त्या झाकणामागचा गरम धुळीचा, बेकलाइटचा वास मला अजून आठवतो. मॅडमच्या खोलीत कव्हर उतरवलेल्या मशीनजवळ उभी राहिले तेव्हा नेमका तोच आला. यंत्र कितीही महाग असो, आतली धूळ सगळीकडे सारखीच तापत असावी.

हेच पंचवीस हजार व्होल्ट रॉल्फ विडरो नावाच्या नॉर्वेजियन विद्यार्थ्याने १९२८ साली जर्मनीतल्या आखेनला वापरले होते. मूळ कल्पना १९२४ची, स्वीडनच्या गुस्ताव इसिंगची. कणाला एकदम मोठा धक्का द्यायच्या ऐवजी तोच लहान धक्का पुन्हा पुन्हा, नेमक्या वेळी द्यायचा. विडरोने दोनच धक्के दिले, पण पंचवीस हजार व्होल्टमधून पन्नास हजारांची ऊर्जा काढून दाखवली. पुढच्या वर्षी बर्कलीच्या ग्रंथालयात अर्नेस्ट लॉरेन्सच्या हाती तो लेख आला. जर्मन धड येत नव्हतं, आकृत्या मात्र कळल्या. सरळ रेषेत इतकी लांबी कशाला, कणाला चुंबकाने गोल फिरवलं तर? १९३१मध्ये त्याचं पहिलं सायक्लोट्रॉन चाललं, तळहातावर मावेल एवढं. तिथून पुढे गोष्ट मोठी होत गेली, अक्षरशः. तळहात, खोली, इमारत, टेकडी, दोन देशांच्या हद्दीखालून जाणारा बोगदा. आणि याच लॉरेन्सच्या आईला १९३७ साली कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी काही महिने सांगितले. त्याच्या प्रयोगशाळेतल्या डेव्हिड स्लोनने दहा लाख व्होल्टची क्ष-किरण नळी बनवली होती. सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॉस्पिटलात तिच्याखाली त्या माउलीला झोपवलं. पुढे ती कित्येक वर्षं जगली. मुलाच्या नोबेलपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते, पण सांगताना ती नेहमी तळटीपेत जाते.

मग युद्ध आलं. रडारसाठी लहरी निर्माण करणारे मॅग्नेट्रॉन आणि क्लायस्ट्रॉन घडले आणि युद्ध संपल्यावर शत्रूची विमानं शोधणाऱ्या त्या लहरी रिकाम्या झाल्या. १९५३मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथला अशा लहरींवर चालणाऱ्या मशीनखाली पहिला रुग्ण झोपला. १९५६मध्ये स्टॅनफर्डला दोन वर्षांचा एक मुलगा. डोळ्यातला कॅन्सर, एक डोळा आधीच काढलेला. दुसरा वाचला. आत्याच्या मशीनमधली ती हातभर नळी या घराण्यातली. गेल्या सत्तर वर्षांत तिच्यात फार काही बदललं नाही. बदललं ते तिच्यापुढचं: गाठीच्या आकाराबरहुकूम सरकणारी टंगस्टनची पातळ पानं, फिरता फिरता डोस कमीजास्त करणारं सॉफ्टवेअर, टेबलावरच्या टेबलावर स्कॅन. आत्याची लाळ पुरती आटली नाही ती या पानांमुळे, असं मॅडम म्हणाल्या. लाळेच्या ग्रंथींना त्यांनी जमेल तितकं वगळलं होतं.

बाबांचा प्रश्न मी मॅडमनाच विचारला. "उतरत नाही," त्या म्हणाल्या, "दिलेला डोस दिलेला. पण खाडा पडला की उरलेल्या पेशी वाढतात. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरमध्ये तर चौथ्या आठवड्यानंतर त्या जास्तच जोर धरतात. एकेका दिवसाला गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता टक्का-सव्वा टक्का कमी होते, असं धरून चालतो आम्ही." मग खाडा भरून काढायचा. शनिवारी बोलावायचं, नाहीतर एकाच दिवशी दोनदा द्यायची, मध्ये निदान सहा तास ठेवून. म्हणजे बाबांचं डावणीचं गणित अगदी पुस्तकातलं होतं. हे त्यांना कुणी सांगितलं का, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आमची वेळ बदलली, त्यांची बदलली असेल, पुन्हा गाठ पडली नाही. मला राग नक्की कशाचा आला होता, तेही धड कळत नाही. दादांचा नाही, चिलरचा तर नाहीच. बाबांना विज्ञान कळणार नाही, हे जे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, त्याचा असावा.

या दिवसांत मी रात्री अ‍ॅक्सिलरेटरबद्दल वाचत सुटले. काळजीत माणसं स्तोत्रं म्हणतात, मी हे केलं. खारघरला प्रोटॉन आले आहेत: दोनशे टनांहून जड सायक्लोट्रॉन, उपचारांच्या तीन खोल्या, प्रकाशाच्या सहा दशांश वेगाने निघालेले प्रोटॉन. क्ष-किरण शरीरातून आरपार जातात, वाटेतल्या सगळ्यांना चटका देत. प्रोटॉनची ऊर्जा आधी ठरवून दिली की ते ठरल्या खोलीवर जाऊन थांबतात आणि बहुतेक सगळं ओझं तिथेच उतरवतात. पलीकडे काही नाही. लहान मुलांच्या मेंदूत, मणक्याजवळ, डोळ्यामागे हा फरक आयुष्यभराचा ठरतो. रॉबर्ट विल्सन या पदार्थवैज्ञानिकाने ही कल्पना १९४६ साली मांडली होती. खारघरच्या सरकारी केंद्राचं लोकार्पण २०२३चं. आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानला २०१८ साली एका रुग्णाच्या त्वचेवरच्या गाठीला सगळा डोस एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहून कमी वेळात दिला गेला. इतक्या झपाट्याने दिला की निरोगी पेशींना इजा कमी होते, असं दिसतंय, त्यावर काम चालू आहे. मी हे आत्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि नंबर लागायला किती वेळ?"

सगळ्यात रमले ती मात्र वाईच्या माणसात. महाबळेश्वरला जाता-येता आपण वाईला थांबतो, ढोल्या गणपतीला हात जोडतो, कृष्णेच्या घाटावर पाय सोडून बसतो. या गावात १९५३ साली जन्मलेले चंद्रशेखर जोशी पुढे इंग्लंडमार्गे अमेरिकेत गेले, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि तांब्याची नळीच काढून टाकायच्या मागे लागले. तांब्याच्या पोकळीत लहरींचा जोर ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवला की ठिणग्या उडतात, धातू फाटतो. म्हणून जास्त ऊर्जा हवी तर जास्त लांबी. म्हणून ती किलोमीटरं. प्लाझ्मा हा मुळातच फाटलेला वायू, इलेक्ट्रॉन सुटे झालेला. त्याला आणखी काय फाडणार? १९७९मध्ये ताजिमा आणि डॉसन या दोघांनी कागदावर मांडलं की प्लाझ्मात लाट उठवली तर तिच्यावरून इलेक्ट्रॉन पळवता येईल. जोशींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रयोगशाळेत करून दाखवायला आयुष्य घातलं. २००७ साली त्यांचा निकाल छापून आला. स्टॅनफर्डच्या तीन किलोमीटर लांबीच्या अ‍ॅक्सिलरेटरमधून ४२ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन बाहेर पडले, पुढे लिथियमच्या प्लाझ्मातून ८५ सेंटिमीटर गेले आणि त्यातल्या काहींची ऊर्जा दुप्पट झाली. तीन किलोमीटरची कमाई मीटरभराच्या आत. सगळ्या इलेक्ट्रॉनांची नाही, थोड्यांचीच. तरी मी तो आकडा रात्री अंथरुणात पुन्हा वाचला आणि उठून पाणी प्यायले.

पण त्याच सुमारास आणखी एक वाचलं, आणि तेच जास्त चिकटलं. नायजेरिया, बोट्स्वाना आणि ब्रिटनमधली हीच उपचारांची मशिनं कशामुळे किती वेळ बंद पडतात, याच्या नोंदी काही शास्त्रज्ञांनी शेजारी ठेवून पाहिल्या. आफ्रिकेत निर्वात नळीच्या भागाचं दुखणं ठळक दिसलं. वीज गेली की पंप थांबतो, पंप थांबला की नळीतली निर्वात पोकळी बिघडते. आता सर्नमधले, म्हणजे जिनिव्हाच्या त्या वर्तुळाच्या प्रयोगशाळेतले, आणि इतर ठिकाणचे लोक मिळून साधं, दणकट, लवकर दुरुस्त होणारं मशीन कसं असावं, यावर डोकं चालवत आहेत. देवकण शोधणाऱ्यांच्या घरात लोडशेडिंगवर चर्चा चालते, हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्याकडेही हा विचार नवा नाही. पवईच्या 'समीर' संस्थेने देशी मशीन घडवलं. आधी चंडीगडला, मग वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या हॉस्पिटलातही ते बसलं. सेवाग्राम! यंत्रांबद्दल बापूंची मतं सगळ्यांना पाठ असतात; शिवणयंत्राला त्यांनी अपवाद केला होता, हे थोड्यांना. १९२४च्या जानेवारीत पुण्याच्या ससूनमध्ये त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन चालू असताना वादळात वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. इसिंगचा लेखही त्याच वर्षीचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी मला त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

आत्याची लाईट संपत आली तेव्हा जोशींवरचा एक लेख मी मॅडमना मोबाइलवर दाखवला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला, चष्मा वर सरकवला. "भारी आहे. वाईचे का हे? आमचं आजोळ मेणवलीचं." मग थोडं थांबून, "याला चिलर लागतो का हो?" मी हसले, त्या हसल्या नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी त्यांना हॅम्बुर्गचं सांगितलं. तिथे २०२०मध्ये लेझरवरचा प्लाझ्मा अ‍ॅक्सिलरेटर सलग तीस तास चालवला, एक लाख शलाका काढल्या, आणि या क्षेत्रात ती मोठीच मजल मानली गेली. मॅडमनी बोटांवर हिशेब केला. सोमवारी सकाळी आठला सुरू केलं तर मंगळवारी दुपारी दोनपर्यंत. "म्हणजे येतंय हळूहळू," त्या म्हणाल्या आणि काउंटरवरची बुधवारची यादी उचलून आत गेल्या.